रोमला गेलो आणि भांडून आलो, आता ग्रीसला जाऊ का?

पत्र

ताई, नमस्कार.

मी ५४ वर्षांची. आम्ही ठाण्यात राहतो. हे गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. आजवर परदेशात गेलो ते ग्रुप टूरबरोबर. या मे महिन्यात पहिल्यांदा दोघंच गेलो, रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. बुकिंग सगळं ह्यांनीच केलं. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते. ह्यांनी एक्सेलमध्ये तासातासाचा कार्यक्रम बसवला होता, रोज पाच-सहा ठिकाणं.

रोममध्ये व्हॅटिकन म्युझियमला साडेतीन तास चाललो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, कुठंतरी बसून नीट जेवू. तर म्हणाले, चारचं कोलोसियमचं तिकीट आहे. मी रस्त्यातच रडले. फ्लॉरेन्सला त्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं होतं. माझा गुडघा दुखतो हे त्यांना ठाऊक आहे, तरी 'एवढे पैसे भरलेत, थोडी हिंमत कर' म्हणाले. मी खालीच थांबले. ते एकटे चढले, उतरले, आणि हॉटेलपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. व्हेनिसला जाताना मी पाटी वाचून म्हटलं, 'आलं व्हेनिस'. उतरलो, तर भलतंच स्टेशन. भर उन्हात, बॅगा ओढत, चार लोकांसमोर 'तुझ्यामुळे झालं' म्हणाले. गोंडोलात बसायची माझी फार इच्छा होती. ९० युरो ऐकलं आणि मी विषयच काढला नाही.

चांगलंही झालं. रोममध्ये एक दिवस मेट्रोचा संप होता, कार्यक्रम कोलमडला, म्हणून चालत चालत पँथिऑन या जुन्या मंदिरात गेलो. पाऊस लागला होता. घुमटाला वर भोक आहे, त्यातून पाऊस आत पडत होता. आम्ही दोघं बराच वेळ नुसते उभे होतो. आणि व्हेनिसला एका संध्याकाळी बोटीत पुढच्या बाकावर बसलो असताना ह्यांनी वडिलांचा विषय काढला. सासरे एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली, स्वतः सुट्टी काढून कधी कुठं गेले नाहीत. हे सांगताना ह्यांचा आवाज भरून आला. तीस वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

परत आल्यापासून सगळे विचारतात, कशी झाली ट्रिप? मी म्हणते, मस्त. फोटोतही मस्तच दिसतोय आम्ही. पण एकटी असले की रडू येतं. आता हे पुढच्या वर्षी ग्रीस म्हणतायत. परत एक्सेल उघडलंय. मला जावंसं वाटत नाही, आणि वाटतंही. आमचं आतून काही बिनसलंय का? की या वयात दोघांनीच जाणं हेच चुकलं?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई,

तुमच्या संसाराचं काही बिनसलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तो प्रश्न लिहिताना तुमचा हात सगळ्यात जास्त अडखळला असणार. ज्यांचं खरंच बिनसलेलं असतं ती माणसं पँथिऑनमध्ये बराच वेळ एकमेकांशेजारी गप्प उभी राहत नाहीत. ती एकमेकांना चुकवतात. तुम्ही दोघं थकलात, भुकेजलात आणि घाबरलात. त्या तिन्हीची भांडणं झाली.

तुमचं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं आणि भांडणांच्या वेळा बाजूला लिहून काढल्या. व्हॅटिकनमधून बाहेर पडलात ती दुपार, आणि पोटात काही नाही. घुमटाच्या वेळीही दिवसभराची पायपीट झालेली असणार. व्हेनिसच्या अलीकडे उतरलात ते भर उन्हात, बॅगांसकट. सकाळी नऊला झालेलं एकही भांडण तुमच्या पत्रात नाही. रात्री जेवून परतल्यावर झालेलंही नाही.

इटलीत दुपारची एक अडचण आहे, ती आपल्याला घरून निघताना माहीत नसते. आपल्याकडे तीन वाजता हॉटेलात शिरलं तरी थाळी मिळते. तिथं बहुतेक ठिकाणी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं, ते संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं. मधल्या वेळात बारमधलं (तिकडं बार म्हणजे कॉफीचं दुकान) सँडविच नाहीतर वजनावर मिळणारा पिझ्झाचा चौकोनी तुकडा, तोही बहुधा उभ्यानंच खायचा. म्हणजे तुम्ही दोन वाजता 'नीट बसून जेवू' म्हणालात, तेव्हा तुमचं अगदी बरोबर होतं. ती त्या दिवसाची शेवटची संधी होती. कोलोसियम दुसऱ्या दिवशीही तिथंच असतं, जेवण नसतं.

आणि व्हॅटिकन म्युझियम ही काही सकाळी उरकून पुढं जायची जागाच नाही. सिस्टिन चॅपेलपर्यंत पोचायला नकाशांच्या त्या १२० मीटर लांब दालनासारखी दालनांमागून दालनं ओलांडावी लागतात. मे महिन्यात तिथं पाऊल टाकायला जागा नसते, मागची गर्दी पुढं ढकलत असते, टेकायला सहज कुठं मिळत नाही. चॅपेलमध्ये पोचेपर्यंत मान वर करायचं त्राण उरत नाही. मायकेलअँजेलोला त्या चॅपेलचं छत रंगवायला १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं लागली. आपण ते दहा मिनिटांत बघून रखवालदाराच्या 'शांतता, शांतता'च्या ओरडण्यात बाहेर पडतो. त्याच दिवशी मेट्रोची लाइन बदलून कोलोसियमला जाणं हा कार्यक्रमच चुकीचा होता. तुमच्या मिस्टरांनी तो चांगल्या हेतूनं केला यात शंका नाही, पण चुकीचा होता हे स्पष्ट सांगायला हवं. पंचविशीतल्या मुलांनीही तसा करू नये.

आता त्यांच्याबद्दल. तुमची बाजू पत्रात आहे, त्यांची नाही, म्हणून जरा जास्त लिहिते.

ग्रुप टूरमध्ये सगळी चिडचिड झेलायला टूर मॅनेजर असतो. बस उशिरा आली, खोली लहान मिळाली, भाजी पुरली नाही, की चाळीस माणसं त्याच्याकडे बघतात. नवरा-बायको एकाच बाजूला असतात. या वेळी टूर मॅनेजर नव्हता, आणि ती जागा तुमच्या मिस्टरांनी न सांगता घेतली. भाषा येत नाही, प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट आधी यंत्रात पंच केलं नाही तर दंड, रोमच्या टर्मिनी स्टेशनवर आणि ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू असल्याचं वाचलेलं, पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, आणि या सगळ्यात बायकोला सुखरूप परत आणायचं. हा माणूस अकरा-बारा दिवस कामावर होता. त्यांची सुट्टी तर झालीच नाही. तो तासातासाचा तक्ता म्हणजे त्यांनी पकडलेला कठडा होता. चार वाजताचं तिकीट चुकलं तर कठडा सुटेल असं त्यांना वाटत होतं. म्हणून तुमचं रडू त्या क्षणी त्यांना दिसलं नाही.

यानं 'तुझ्यामुळे झालं' हे माफ होत नाही. ते बोलणं चूक होतं, आणि लोकांसमोर बोलले ही दुसरी चूक. त्या स्टेशनचं तुमच्या मनाला फार लागलंय असं पत्रावरून वाटतं, म्हणून सांगते: व्हेनिसला जाणाऱ्या प्रवाशाची ही अगदी नेहमीची चूक आहे. फ्लॉरेन्सकडून येताना आधी मेस्त्रे लागतं, आणि तिथल्या पाटीवर ठळक 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' असंच लिहिलेलं असतं. मेस्त्रे व्हेनिसचाच भाग आहे, पण जमिनीवरचा. कालव्यांचं व्हेनिस हवं तर गाडीतच बसून राहायचं, समुद्रावरचा लांब पूल ओलांडायचा आणि सांता लुचियाला उतरायचं. मेस्त्रेहून ते दहा-बारा मिनिटांवर आहे आणि गाड्या सारख्या असतात. म्हणजे नुकसान झालं ते फार तर अर्ध्या तासाचं आणि दोन लहानशा तिकिटांचं. तुम्ही पाटी वाचलीत ती बरोबरच वाचलीत. एवढ्याशा गोष्टीचा दोष तुम्ही ठाण्यापर्यंत वाहून आणलात. तो खाली ठेवा. आणि त्यांना एकदा शांतपणे सांगा की, अहो, त्या दिवशी स्टेशनवर तुम्ही मला जे बोललात ते मला लागलंय. नुसतं एवढंच सांगा, पुढं पुरावे जोडत बसू नका. माझा अंदाज आहे की त्यांनाही ते आठवतंय.

आता तुमच्याकडे येते, आणि हे जरा कडू आहे. 'तुम्ही ठरवाल ते' असं तुम्ही म्हणालात. तयारीच्या सगळ्या महिन्यांत, तो तक्ता समोर उघडा असताना, तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत की मला घुमट चढायचा नाही, मला गोंडोलात बसायचंय, मला दुपारी पाठ टेकायला लागते. आपल्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना हे समजूतदारपणाचं वाटतं. पण यात सगळी जबाबदारी समोरच्यावर पडते आणि नाराजी तेवढी आपल्याकडे राहते. त्यांना हवं ते त्यांनी तक्त्यात लिहिलं. तुम्हाला हवं ते तुम्ही मनात ठेवलंत आणि त्यांनी ते ओळखावं अशी वाट बघत राहिलात. ते ओळखू शकले नाहीत. दोघांचं मिळून जे झालं, ते असं झालं.

गोंडोलाचं तर मला फार वाईट वाटलं. ९० युरो हा व्हेनिसमधला ठरलेला दिवसाचा दर आहे, अर्ध्या तासाचा आणि पूर्ण बोटीचा, माणशी नव्हे. संध्याकाळी सातनंतर तो ११० होतो. कमी पैसे नाहीत हे, कबूल. पण तुमच्या तक्त्यातल्या वेळेच्या तिकिटांची बेरीज करून बघा. तुम्हाला न झेपलेल्या, न आवडलेल्या गोष्टींवर तुमच्या वाटचे किती युरो गेले ते दिसेल. ज्या एका गोष्टीची तुम्हाला मनापासून इच्छा होती तीच तेवढी महाग ठरली. व्हेनिसला परत कधी गेलात आणि तरीही जीव धजावला नाही, तर ग्रँड कॅनॉल, म्हणजे तिथला मुख्य कालवा, ओलांडायला 'त्राघेत्तो' नावाची साधी होडी असते. गोंडोलासारखीच, दोन नावाडी, दोन युरो, पलीकडच्या काठापर्यंत काही मिनिटं. स्थानिक माणसं त्यात उभी राहूनच जातात. पण माझं मत विचाराल तर तुम्ही ९०चं घ्यावं.

घुमटाबद्दल तुम्ही अपराधी वाटून घेतलंय, त्याची अजिबात गरज नाही. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा तो घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं १४२० ते १४३६ या काळात बांधला. आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं, आणि जिना त्या दोघांच्या मधून जातो. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, काही ठिकाणी दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत इतकी चिंचोळी वाट, आणि मागे रांग असल्यामुळे अर्ध्यातून परतणंही सोपं नसतं. दुखऱ्या गुडघ्यानं खालीच थांबण्याचा तुमचा निर्णय शहाणपणाचा होता. खंत करायचीच तर एका वेगळ्या गोष्टीची आहे. घुमटाच्या तिकिटात, म्हणजे ज्याला ब्रुनेलेस्की पास म्हणतात त्यात, कॅथीड्रलच्या मागच्या म्युझियमचाही प्रवेश असतो. तिथं लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, गर्दी बेताची असते. बाप्तिस्तरीचे, म्हणजे समोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीचे, सोन्याचा मुलामा दिलेले मूळ दरवाजे तिथं काचेमागे ठेवलेत.

आणि तिथंच मायकेलअँजेलोनं सत्तरी ओलांडल्यावर घडवलेला एक शिल्पसमूह आहे. क्रूसावरून उतरवलेला येशू, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला त्याची शिष्या मग्दालेना, आणि मागून सगळ्यांना सावरून धरणारा टोपीवाला म्हातारा. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मायकेलअँजेलोनं स्वतःचाच घडवला असं मानतात. हे शिल्प त्याला स्वतःच्या थडग्यासाठी हवं होतं. मग एक दिवस दगडावर की स्वतःवर चिडून त्यानंच त्यावर हातोडा घातला. येशूचा डावा पाय तिथं नाही. आईच्या चेहऱ्यावर छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत, तिचा गाल मुलाच्या डोक्याला टेकलाय आणि दोन्ही दगड एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. मी त्या शिल्पासमोरच्या बाकावरून लवकर उठू शकले नव्हते. तुम्ही चौकात पायऱ्यांवर बसून राग गिळत होतात तेव्हा ते तुमच्यापासून चार-पाच मिनिटांवर होतं, आणि तुमच्या पर्समधल्या तिकिटात होतं. ते वर, तुम्ही इथं, आणि सहाला दोघं एकत्र कॉफीला. हा दिवस असाही जाऊ शकला असता.

यातच माझा सगळा सल्ला आहे: परदेशात दोघांनी सगळंच एकत्र बघू नका. घरी तुम्ही दिवसातले किती तास एकमेकांसमोर असता? ते बँकेत, तुम्ही घरात, मैत्रिणींमध्ये, भजनाला, बाजारात. आत्ता निवृत्त झाल्यावरही सकाळचा फेरफटका त्यांचा वेगळा असेल. आणि तिकडं एका खोलीत, एका टेबलावर, एका गाडीत, चोवीस तास. शिवाय त्यांची बघण्याची गती वेगळी, तुमची वेगळी. त्यांना पुष्कळ बघायचंय, तुम्हाला थोडं पण निवांत. यात कुणाचंच चूक नाही. एकानं दुसऱ्याच्या गतीनं चालायचं ठरवलं की एक जण ओढला जातो आणि दुसरा अडकून पडतो.

म्हणून एक दिवसाआड अर्धा दिवस वेगळा काढा. 'मला एकटीला भीती वाटेल' हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात येईल, म्हणून तयारी सांगते. सिम कार्ड दोघांच्या फोनमध्ये हवं, एकट्या त्यांच्या नको. हॉटेलचं छापील कार्ड पर्समध्ये. थोडी रोकड आणि एक वेगळं कार्ड तुमच्याजवळ. पैसे भरताना मशीन 'रुपयात की युरोत' विचारतं तेव्हा युरो निवडायचं, रुपयात घेतलं तर दर वाईट लागतो. पर्स तिरपी, पुढच्या बाजूला, चेन लावून. भेटायची जागा 'चौकात' अशी मोघम नको, अमुक चर्चचा अमुक दरवाजा, आणि वेळ ठरलेली. फोन लागला नाही तर अर्धा तास तिथंच थांबायचं, तेवढ्यात नाही भेट झाली तर दोघांनी आपापलं हॉटेलवर जायचं, एवढा करार आधीच. पाय दुखले की बारमध्ये शिरायचं. कॉफी उभ्यानं प्यायली तर दीड युरोच्या आसपास पडते, बसलात तर जास्त, आणि गिऱ्हाईक म्हणून स्वच्छतागृह वापरता येतं. दिवसाउजेडी फ्लॉरेन्ससारख्या गावात तुमच्या वयाच्या बायका एकट्या सर्रास फिरतात. पहिल्या तासात छातीत धडधडेल. दुसऱ्या तासात तुम्ही एखाद्या दुकानात स्वतःच्या मर्जीनं रेंगाळत असाल.

आणखी तीन-चार गोष्टी भराभर सांगते. तिकीट काढून बघायचं ठिकाण दिवसाला एकच, तेही सकाळी. दुपारचं जेवण एक वाजता, काहीही झालं तरी बसून, आणि त्यानंतर खोलीवर पाठ टेकायची. मे-जूनमध्ये तिकडं आठ-साडेआठनंतरही उजेड असतो, संध्याकाळ हातात असतेच. गाव बदलायच्या दिवशी बघण्याचा कार्यक्रम शून्य. आणि दोघांच्या खर्चाला थोडी-थोडी वेगळी रक्कम काढून ठेवायची, तिचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही.

तक्ता फेकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. 'काही न ठरवता भटका' हा सल्ला आजकाल फार ऐकू येतो, तो मला पटत नाही. आगाऊ बुकिंग नसतं तर व्हॅटिकनच्या भिंतीलगत तुम्ही उन्हात तास-दोन तास रांगेत उभ्या राहिला असतात. तुमच्या मिस्टरांनी ती मेहनत घेतली, आणि त्याबद्दल तुम्ही त्यांना एकदा तरी 'छान केलंत' म्हणालात का, हे मला पत्रात दिसलं नाही. पँथिऑनची सकाळ चांगली गेली ती ठरवलेली नव्हती म्हणून नाही. त्या दिवशी बघायला एकच जागा होती, कुठं पोचायचं नव्हतं आणि दोघांपैकी कुणीही कामावर नव्हतं, म्हणून गेली. त्या घुमटाचं भोक जवळजवळ नऊ मीटर रुंद आहे, पाऊस सरळ खाली येतो, फरशीला किंचित उतार आहे आणि बारीक भोकांतून पाणी वाहून जातं. १९०० वर्षं हे असंच चाललंय. ते बघायला नुसतं उभं राहावं लागतं. तुम्ही दोघं उभे राहिलात.

व्हेनिसच्या बोटीतलं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं देणाऱ्या माणसाचा मुलगा. तो तिकीट वाया जाऊ देईल का हो? 'एवढे पैसे भरलेत' हे वाक्य तुम्हाला कंजूषपणाचं वाटलं असेल, तुमच्या दुखण्यापेक्षा पैसा मोठा मानल्यासारखं वाटलं असेल. मला त्यात मागे राहिलेल्या वडिलांसाठीही बघून घ्यायची घाई ऐकू येते. हे त्यांचं त्यांना कळत असेलच असं नाही. तुम्ही त्यांना ते समजावून सांगायला जाऊ नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. आणि तो विषय आता तुमच्याकडून काढा. सासरे कुठल्या मार्गावर होते, कुठल्या डेपोला, रात्रीच्या मुक्कामी गाडीला जात का, घरी येताना काही आणत का. जी गोष्ट तीस वर्षांनी एका बोटीत सुरू झाली ती एवढ्यात संपलेली नसणार.

त्याच ओघात, घुमटावर काय दिसलं हेही विचारा. ते ४६३ पायऱ्या चढून आले, सबंध फ्लॉरेन्स वरून बघितलं, आतल्या भिंतीवरचं अंतिम न्यायाचं प्रचंड चित्र हाताच्या अंतरावरून पाहिलं असेल, आणि खाली आल्यावर सांगायला कुणी नव्हतं. तुम्ही रागावल्या होता, ते बरोबर होतं. पण त्यांच्या पोटात ते अजून तसंच असेल.

लोकांना 'मस्त' सांगता त्याचा बोजा घेऊ नका. सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला सगळं सांगायचं नसतं. पण एखाद्या जवळच्या मैत्रिणीला खरं सांगा, स्टेशनचंही आणि पँथिऑनचंही. नुसतं वाईट सांगून मोकळ्या होऊ नका, ते अर्धंच खरं होईल.

ग्रीसला जा. पण या वेळी तक्ता रंगायच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपापल्या तीन गोष्टी लिहा, ज्या झाल्याच पाहिजेत. त्या सहाभोवती सहल बांधा, बाकीचं जमलं तर. त्यांना असं सांगा: 'अहो, मला तुमच्याबरोबर ग्रीसला यायचंय. पण मागच्यासारखं नको. माझ्या तीन गोष्टी मी आज लिहून देते.' हे जेवणं झाल्यावर, लॅपटॉप बंद असताना बोला. ते आधी चिडतील, 'म्हणजे मी केलं ते सगळं चुकलंच का' म्हणतील. तेव्हा मागे हटू नका आणि रडूही नका. कागद पुढं करा.

जुलै-ऑगस्ट टाळा. २०२३च्या जुलैमध्ये उन्हाच्या लाटेत अथेन्सचं अॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची जुनी मंदिरं, दुपारी बंद ठेवावं लागलं होतं, आणि त्याच महिन्यांत समुद्रावर मेल्तेमी नावाचे जोरदार वारे सुटतात तेव्हा बोटींचं वेळापत्रक बिघडतं. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबरची सुरुवात बघा. अथेन्समध्ये एकाच हॉटेलात चार रात्री, मग एकच बेट. दोन-तीन बेटांचा हव्यास नको, प्रत्येक बेट म्हणजे पुन्हा बॅगा आणि पुन्हा बंदर. अॅक्रोपोलिसच्या टेकडीवरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, घसरतं. सकाळच्या पहिल्या वेळेला, चांगल्या बुटांनी, हळू चढा. जमेलसं वाटलं नाही तर ते वर जातील, तुम्ही पायथ्याच्या म्युझियममध्ये. २००९ साली उघडलेलं ते म्युझियम मला तर टेकडीइतकंच मोलाचं वाटतं. पायाखाली काचेतून जुन्या वस्तीचं उत्खनन दिसतं, आणि मंदिराचं छत डोक्यावर तोलणाऱ्या सहा दगडी बायकांपैकी पाच तिथं आहेत. त्यांना मागून बघा, पाठीवरच्या वेण्या केस न् केस कोरलेल्या आहेत. सहावी लंडनला आहे, तिची जागा मोकळी ठेवलीय. जेवणाचं तिकडं इटलीसारखं नाही, टॅव्हर्ना, म्हणजे तिथल्या खाणावळी, बहुतेक दुपारभर उघड्या असतात. 'फावा' मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच असतं ते, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल.

गुडघा आत्ताच डॉक्टरांना दाखवा, निघायच्या पंधरा दिवस आधी नव्हे. इटलीसारखाच ग्रीसलाही लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. त्याचा फॉर्म या वेळी तुम्ही स्वतः भरा, आणि आधीपासूनच्या दुखण्याच्या रकान्यात गुडघ्याचं स्पष्ट लिहा. तो रकाना 'नाही' म्हणून सोडून देऊ नका.